हिरव्या पानाची पडताळणी : कोस्टा रिकाच्या अरण्यातील सहलीचा बेत

पौष लागला की लग्नसराई थांबते. कापड, सराफी, भांडी यांच्या पेढ्यांवर महिनाभराची उसंत मिळते आणि घरातील तरुण मंडळी परदेशी सहलीचा विषय काढतात. दुबई, सिंगापूर, बँकॉक पाहून झालेल्या घरांतून अलीकडे एक निराळी मागणी ऐकू येते. अरण्यात राहायचे, पण पंचतारांकित सुखाने. आणि त्या राहण्याने निसर्गाला अपायही होता कामा नये. अशा निवासांच्या माहितीपत्रकांवर कोपऱ्यात एक हिरवे पान छापलेले असते आणि त्याखाली डॉलरमधील दर. तो दर वाचून घरातील कर्ता पुरुष चष्मा काढतो आणि विचारतो, की हे पान खरे कशावरून?

प्रश्न अगदी योग्य आहे. सोने कसोटीवर घासून घेणाऱ्या समाजाने हिरवे पान तेवढे विश्वासावर घ्यावे, यात काही अर्थ नाही. त्या पानाची पडताळणी बऱ्याच अंशी करता येते अशा उष्णकटिबंधीय देशांत मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकाचे नाव पुढे येते. म्हणून बेत त्या देशाचा धरून हिशेब मांडणे सोयीचे.

कोस्टा रिका हा सुमारे ५१,००० चौरस किलोमीटरचा देश. महाराष्ट्राचा सहावा हिस्सा. एका बाजूस प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूस कॅरिबियन समुद्र, मध्ये ज्वालामुखींची रांग आणि लोकसंख्या अवघी पन्नास लाखांच्या आसपास. १९४८ मध्ये या देशाने आपले सैन्य विसर्जित केले. आज देशाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भूभाग राष्ट्रीय उद्याने व राखीव क्षेत्रे म्हणून संरक्षित आहे आणि वर्षाला पंचवीस लाखांहून अधिक परदेशी प्रवासी तेथे उतरतात.

हे अरण्य मुळात टिकले कसे, हे व्यापाऱ्याने अवश्य समजून घ्यावे, कारण ती कथा भक्तीपेक्षा जमाखर्चाची अधिक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून तीन दशके या देशाने आपले रान झपाट्याने तोडले. गोमांसाच्या निर्यातीसाठी कुरणे हवी होती, त्यासाठी बँकांचे स्वस्त कर्ज मिळत होते, आणि झाडे तोडून मोकळी केलेली जमीन ही ‘सुधारलेली’ जमीन समजली जाऊन तिच्यावरचा हक्क बळकट होत होता. उभे झाड हा तोटा आणि पडलेले झाड हा नफा, अशी खतावणी असल्यावर जे व्हायचे तेच झाले. १९८०च्या दशकात वनाच्छादन देशाच्या सुमारे पाव हिश्शापर्यंत खाली आले. पुढे मांसाचे भाव घसरले, कुरणे परवडेनाशी झाली, आणि १९९६ मध्ये नवा वनकायदा झाला. त्याने अरण्य तोडून जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. परंतु नुसत्या मनाईने रान राहत नाही, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक असावे. म्हणून त्याच कायद्याने उभ्या अरण्याच्या चार सेवा मान्य केल्या : हवेतील कर्ब शोषणे, पाणी राखणे, जीवसृष्टी जपणे आणि निसर्गसौंदर्य. या सेवांसाठी खासगी जमीनमालकाला करार करून पैसे दिले जाऊ लागले. त्यासाठी एक राष्ट्रीय वननिधी आहे आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार म्हणजे इंधनावरील करातील ३.५ टक्के वाटा. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा वृक्षाच्छादित आहे.

कर्जाच्या एका नियमाने रान पडले आणि मोबदल्याच्या दुसऱ्या नियमाने ते उभे राहिले. आता अशा देशात जो प्रवासी रात्रीचे पाचशे-हजार डॉलर देऊन राहतो, त्याचे पैसे या दोहोंपैकी कोणत्या खात्यात पडतात, एवढाच खरा प्रश्न उरतो. गादी किती मऊ आणि स्नानगृह किती प्रशस्त, हे नंतर.

प्रमाणपत्रापासून आरंभ करावा. कोस्टा रिकाच्या पर्यटन संस्थेने १९९७ मध्ये शाश्वत पर्यटनाचे प्रमाणपत्र सुरू केले. त्याची आद्याक्षरे ‘सीएसटी’. पाणी, वीज, सांडपाणी, कचरा, स्थानिक समाजाशी संबंध अशा बाबी तपासून ते दिले जाते. पूर्वी एक ते पाच पानांची श्रेणी असे, म्हणून जुन्या पत्रकांवर पाने मोजून सांगितलेली आढळतात. माहितीपत्रकावरील चित्र म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ते चालू आहे की मुदत संपलेले, आणि ते त्याच निवासाचे आहे की त्या कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या हॉटेलचे, हे विचारून प्रत मागवावी. प्रत मागितली म्हणून खरा व्यवसायी रागावत नाही.

प्रमाणपत्राच्या पलीकडे जाऊन काही गोष्टी पत्राने विचाराव्यात. कर्ज देताना बँक कर्जदाराला जसे विचारते, तसेच. निवासाच्या मालकीचे अरण्य किती एकर आहे, आणि ते विकले वा तोडले जाणार नाही असे कायदेशीर बंधन जमिनीवर आहे काय? नोकरांपैकी शेजारच्या गावांतील किती, आणि व्यवस्थापक त्यांच्यातला आहे की सगळे वरचे पगार बाहेरच्यांना? पिण्याचे पाणी कोठून येते आणि सांडपाणी कोठे जाते? मोघम उत्तर आले, ‘आम्ही निसर्गावर प्रेम करतो’ अशा धर्तीचे, तर ते निवास यादीतून काढावे. आकड्यांत उत्तर देणारे थोडेच असतात आणि निवड त्यांच्यातूनच व्हावी.

ओसा द्वीपकल्पावरील लापा रिओस हे निवास या दृष्टीने पाहण्यासारखे उदाहरण आहे. १९९३ मध्ये सुरू झालेले हे लॉज समुद्रावर झुकलेल्या डोंगरधारेवर, सुमारे हजार एकरांच्या स्वतःच्या राखीव अरण्यात उभे आहे. बंगल्यांना वातानुकूलन नाही, दूरदर्शन संच नाही. जाळीच्या भिंतींतून वारा आणि माकडांचे आवाज आत येतात. दर मात्र महानगरातील उंची हॉटेलापेक्षा जास्त. ज्याला ‘एसी नाही, मग इतके पैसे कसले?’ असे वाटते, त्याने तेथे न जाणेच बरे, कारण पैसे त्या हजार एकरांचे आहेत, खोलीचे नव्हेत. घरातील वृद्धांच्या दृष्टीने सावधगिरीची सूचना एवढीच, की अशा डोंगरधारेवरील निवासांत पायऱ्या पुष्कळ असतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी भोजनगृहाजवळचा बंगला आधीच लेखी मागून घ्यावा.

याच द्वीपकल्पावर १९७५ मध्ये स्थापन झालेले कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान आहे. देशातील माकडांच्या चारही जाती, तापीर, आणि लाल-निळ्या-पिवळ्या पंखांचे मकाव पोपट तेथे आढळतात. परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय उद्यानात प्रवेश मिळत नाही आणि ही अट जाचक न मानता स्वागतार्ह मानावी, कारण तो मार्गदर्शक बहुधा जवळच्याच गावचा असतो आणि त्याची रोजी अरण्य शाबूत राहण्यावर असते. वाटेवर पानकाप्या मुंग्यांच्या रांगा लागतात, प्रत्येकीच्या डोक्यावर हिरव्या पानाचा तुकडा. खाली पाहून चालण्याची सवय असलेल्या घरांतील मुलांना ती रांग ओलांडताना काय करावे, हे सांगावे लागणार नाही.

दुसरा मुक्काम मोंतेवेर्देचा ठेवावा. त्याचा इतिहास या वाचकांना जवळचा वाटेल. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील क्वेकर पंथाच्या काही तरुणांनी अहिंसेच्या तत्त्वास्तव सैन्यभरतीची नोंदणी नाकारली आणि त्यासाठी कारावास भोगला. त्यानंतर १९५१ मध्ये त्यांच्यातील काही कुटुंबे, ज्या देशाने सैन्यच ठेवले नाही तेथे, या डोंगरावर येऊन वसली. दुग्धव्यवसाय आणि चीज हे त्यांच्या चरितार्थाचे साधन झाले. पाण्याचा उगम आटू नये म्हणून माथ्यावरचे रान मात्र त्यांनी तोडले नाही. त्याच भागात १९७२ मध्ये प्रसिद्ध मेघारण्य राखीव क्षेत्र उभे राहिले. पुढे १९८७ मध्ये स्वीडनमधील शाळकरी मुलांनी जमवलेल्या पैशांतून शेजारचे रान विकत घेण्यास प्रारंभ झाला. ‘मुलांचे शाश्वत वर्षावन’ या नावाचे ते क्षेत्र आज देशातील सर्वांत मोठे खासगी राखीव अरण्य समजले जाते. क्वेत्सल नावाचा हिरवा, लांब शेपटीचा पक्षी येथे दिसतो. फेब्रुवारीपासून तो दिसण्याचा संभव वाढतो. मोंतेवेर्देचे निवास ओसाइतके महाग नाहीत आणि हवा थंड असल्यामुळे वातानुकूलनाचा प्रश्नच उद्भवत नाही.

याच डोंगरावर एक सोनेरी बेडूक असे. जगात अन्यत्र कोठेही नसलेला. १९८९ नंतर तो कोणालाही दिसला नाही. त्याच्या नाशाची कारणे म्हणून एक बुरशीजन्य रोग आणि त्या काळात पडलेली कोरडी हवा यांचा उल्लेख अभ्यासक करतात. ज्या रानात त्याचे घर होते ते तोडले गेले नव्हते, राखीव होते. म्हणजे कुंपण आणि प्रमाणपत्र यांनी सगळेच वाचते असे नाही.

येथे विमानाचा हिशेब मांडणे भाग आहे, आणि माहितीपत्रके नेमका तोच गाळतात. मुंबईहून कोस्टा रिकाची राजधानी सान होसे येथे थेट विमान नाही. युरोपमार्गे एका दिशेचे अंतर सुमारे १६,००० किलोमीटर भरते. जाण्यायेण्याचे मिळून साध्या वर्गातील एका प्रवाशामागे ढोबळ मानाने तीन टन कर्बवायू हवेत जातो. बिझनेस वर्गात जागा अधिक व्यापली जात असल्याने तो दुपटीहून जास्त. एका भारतीय माणसाचे सरासरी वार्षिक उत्सर्जन सुमारे दोन टन आहे. तेव्हा चौघांचे कुटुंब तेथे पोहोचून परत येईपर्यंत, एकही दिवा न लावता, सहा माणसांचा वर्षभराचा वाटा खर्चून बसते. कोणत्याही निवासाची सौरऊर्जा हा आकडा पुसू शकत नाही. शाश्वत सहलीचा प्रामाणिक अर्थ मग इतकाच राहतो, की अशी सहल वारंवार करू नये, केली तर लांब करावी, आणि तेथे गेल्यावर आठ दिवसांत पाच ठिकाणे ‘उरकण्याचा’ आग्रह सोडावा. दिग्व्रत घेऊन प्रवासाच्या दिशांनाच मर्यादा घालणारे पूर्वज या बाबतीत कमी पडत नव्हते, हे ओघाने आठवते.

म्हणून बेत दोनच ठिकाणांचा असावा. पोहोचल्यावर एक रात्र सान होसेत (भारताच्या घड्याळापेक्षा तेथील घड्याळ साडेअकरा तास मागे असल्याने पहिला दिवस झोपेतच जातो), तीन रात्री मोंतेवेर्दे, चार रात्री ओसा आणि निघताना पुन्हा एक रात्र राजधानीत. सान होसे ते मोंतेवेर्दे मोटारीने तीन ते चार तास. ओसाला रस्त्याने पूर्ण दिवस लागतो. छोटे विमान तासाभराच्या आत पोर्तो हिमेनेसला पोहोचवते, पण त्यात सामानाच्या वजनाची कडक मर्यादा असते. मोठ्या बॅगा राजधानीतील हॉटेलात ठेवून जावे.

ऋतूचे गणित सुदैवाने व्यापारी घरांना अनुकूल आहे. प्रशांत किनारा व मध्य भागात डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, मे ते नोव्हेंबर पावसाचा. चातुर्मासात कोणी निघणार नाहीच. नाताळ ते नववर्षाचा पहिला आठवडा दर सर्वाधिक असतात, तो टाळून जानेवारीचा दुसरा आठवडा गाठावा. संक्रांतीनंतर लगेच मुहूर्त सुरू होणाऱ्या घरांना दोन-चार दिवसांची ओढाताण होईल. ती दुकानातील मुनीमजींवर सोपवावी.

आता भोजन. अनेक बेत याच मुद्द्यावर मोडतात, म्हणून थोडे विस्ताराने. विषुववृत्ताजवळचा देश असल्याने तेथे वर्षभर सूर्यास्त सव्वापाच ते सहाच्या दरम्यान होतो. जानेवारीत साडेपाच ते पावणेसहा. निवासांचे रात्रीचे भोजन मात्र बहुधा त्यानंतर सुरू होते. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाने ही अट आरक्षणाच्या वेळीच घालावी : भोजन दुपारी साडेचार वाजता, गरम, रोज. लहान निवासांत, जेथे दहा-पंधरा खोल्याच असतात, तेथे हे सहज मान्य होते; मोठ्या हॉटेलात पाकशाळेची पाळी बदलत असल्यामुळे अवघड जाते. छोट्या निवासाची बाजू घेण्याचे हेही एक कारण. पक्षी पाहण्याच्या फेऱ्या पहाटे साडेपाचला निघतात आणि आठच्या सुमारास परततात, त्यामुळे नवकारशी पाळणाऱ्यांना न्याहारीची वेळ आपोआप जुळते.

‘शाकाहारी’ एवढा एकच शब्द तेथे पुरत नाही. स्पॅनिशमध्ये ‘कार्ने’ म्हटले की बहुधा गोमांस समजले जाते, आणि ‘सिन कार्ने’, म्हणजे मांसाविना, असे सांगूनही ताटात कोंबडी येऊ शकते. म्हणून प्रत्येक वस्तूचे नाव घेऊन नकार लिहावा : पोयो म्हणजे कोंबडी, पेस्कादो म्हणजे मासळी, वेवो म्हणजे अंडे, सेबोया म्हणजे कांदा, पापा म्हणजे बटाटा, युका नावाचे कंद. लसणाला ‘आहो’ म्हणतात. मराठी गृहिणीला तो शब्द पाठ करावा लागणार नाही. ‘मान्तेका’ या शब्दावर विशेष लक्ष असावे, कारण ती वनस्पतीजन्य असू शकते तशी डुकराची चरबीही असू शकते. तेल कोणते, हे स्वतंत्रपणे विचारावे. येथील नित्याचे अन्न भात आणि काळ्या घेवड्याचे दाणे. त्या परतलेल्या भाताला ‘गायो पिंतो’ म्हणजे ‘ठिपक्यांचा कोंबडा’ असे नाव आहे. नाव ऐकून कोणी दचकू नये. त्यात कोंबडा नसतो. कांदा-लसूण मात्र असतो, म्हणून तो वेगळा करवून घ्यावा. मक्याच्या तोर्तिया, कच्च्या केळ्यांचे तळलेले काप, चायोते नावाचा दुधीच्या जातकुळीचा फळभाजीचा प्रकार, पपई, अननस : एवढ्यावर आचाऱ्याने मनावर घेतले तर चार दिवस उत्तम निभतात. मोंतेवेर्देचे चीज घेण्यापूर्वी ते विरजण्यास काय वापरले, याची चौकशी करावी. घरून खाखरा, भडंग, मेतकूट अशा बंद पाकिटांतील कोरड्या वस्तू न्याव्यात. मूग-मटकीसारखी अखंड कडधान्ये बियाणे समजून विमानतळावर रोखली जाण्याचा संभव असतो.

काही गोष्टी मात्र यादीतून सरळ वगळाव्यात. पुष्कळ निवास गळ टाकून मासे पकडण्याच्या सफरी ‘क्रीडा’ म्हणून विकतात. या देशाने मनोरंजनासाठी होणारी शिकार २०१२ मध्ये कायद्याने बंद केली, पण मासेमारीची ही सफर चालूच आहे. ‘स्लॉथ’ या संथ प्राण्याला कडेवर घेऊन छायाचित्र काढू देणारे ठिकाण दिसले, तर तेथून परतावे. तशा छायाचित्रांविरुद्ध तेथील सरकारने २०१९ मध्ये मोहीम काढली होती. वायव्येकडील ग्वानाकास्ते प्रांतातील गोल्फची हिरवळ असलेली किनारी हॉटेले चित्रांत मोहक दिसतात. तो देशातील सर्वांत कोरडा प्रांत आहे. सार्दिनाल गावचे भूजल किनाऱ्यावरील बांधकामांसाठी नेण्याच्या योजनेविरुद्ध २००८ मध्ये गावकरी रस्त्यावर उतरले होते. पाणी विकत घेऊन शेती जगवणाऱ्या जिल्ह्यांतील वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

खर्चाचा ढोबळ ताळा असा. समजा, ओसा येथे खोलीचा दर रात्रीला ९०० डॉलर, मोंतेवेर्दे येथे ३००, राजधानीत १५०, आणि खोल्या दोन. तर अनुक्रमे चार, तीन व दोन रात्रींचे ७,२०० अधिक १,८०० अधिक ६००, म्हणजे ९,६०० डॉलर होतात. त्यावर तेथील १३ टक्के मूल्यवर्धित कर धरून १०,८४८. डॉलर नव्वद रुपयांचा धरला तर पावणेदहा लाखांच्या वर. विमानभाडे, मार्गदर्शक, विमा निराळे. दर सांगताना कर धरला आहे की नाही, हे विचारल्याशिवाय तुलना करू नये. उपाहारगृहाच्या देयकात १० टक्के सेवाशुल्क कायद्यानेच आलेले असते. त्यावर पुन्हा बक्षिसी देण्याची सक्ती नाही. ओसाच्या दर्जेदार निवासात भोजन व काही फेऱ्या दरातच असतात, तर मोंतेवेर्देत बहुधा नसतात.

ही रक्कम पेढीच्या खात्यातून ‘व्यवसाय-प्रवास’ म्हणून दाखवण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, पुढे आयकर अधिकाऱ्यापुढे माकडांशी कोणता व्यवहार झाला, हे सांगता येत नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर स्रोतावर संकलित होणारा कर आयकर विवरणपत्रात वजा मिळतो, म्हणून पॅकेज ज्याचे उत्पन्न करपात्र आहे त्याच्याच नावे व पॅनवर घ्यावे, आजीच्या नावे नव्हे. दर अर्थसंकल्पागणिक बदलतो. पैसे भरण्याच्या दिवशीचा विचारावा.

कोस्टा रिकाचा दूतावास नवी दिल्लीत आहे. वैध अमेरिकी व्हिसा असणाऱ्यांसाठी प्रवेशाचे वेगळे, सवलतीचे नियम आहेत, त्यांचा आजचा तपशील दूतावासाकडूनच लेखी घ्यावा. ज्या युरोपीय विमानतळावर विमान बदलायचे, तेथे पारगमनाचा व्हिसा लागतो काय, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. विम्यात दुर्गम भागातून रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च अंतर्भूत असावा, कारण मोठी रुग्णालये राजधानीत आहेत. घरातील सत्तरीच्या माणसाला बरोबर न्यायचे असेल तर या एका कलमावर घासाघीस करू नये.

अनामत रक्कम भरण्यापूर्वी रद्दीकरणाची अट वाचावी. जानेवारीच्या आरक्षणांत ती कडक असते. त्याच पत्रात साडेचारच्या भोजनाची अट, वर्ज्य पदार्थांची स्पॅनिश यादी आणि भोजनगृहाजवळच्या बंगल्याची मागणी एकत्र घालून उत्तराची वाट पाहावी. पैसे त्यानंतर पाठवावेत.